बियाले ठेवलेला दात

माणसं पुरणारे प्रत्येक गावात असतात. मी माणसं वर काढायचं काम केलं. सहा हिवाळे केलं. त्या कामात माझा हात चांगला होता, हे मी स्वतःच सांगते, कारण सांगणारी शेवंता आता नाही आणि आमचे सर म्हातारे झालेत. दिवाळी अंकवाल्यांना मी म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईनं काय लिहायचं? ते म्हणाले, जे झालं ते लिहा. तर जे झालं ते लिहिते. सजवलेलं वाचायचं असेल तर पान उलटा.

गावाचं नाव लिहीत नाही. वडनेर भोलजीचा बाजार करून आम्ही पायी घरी येतो, एवढ्या अंतरावर आहे. नाव लिहिलं तर गुप्तधनवाले कुदळी घेऊन येतील. आधी दोनदा येऊन गेले. एकानं तर लिंबू-नारळ ठेवून खड्ड्यात बसून रात्र काढली आणि सकाळी त्याला सापडलं काय, तर आमचीच विसरलेली खुरपी. ती मी परत घेतली.

आमच्याकडं काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं, अशी जुनी रीत. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची जागा. हजारो वर्षं माणसं एका जागी राहिली की चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचत जाते आणि टेकाड होतं. चारी बाजूंनी काळी जमीन, मध्ये हे पांढुरकं टेकाड. घर सारवायला त्याची माती आणायची, एवढाच गावाचा त्याच्याशी संबंध. माझ्या आठवणीत तिथं एकच माणूस राहिलं. ती माझी माय.

मायला महारोग झाला होता. मी चौथीत होते. आधी तिच्या कानाची पाळी जाड झाली, मग बोटं झिजायला लागली. गावानं बैठक घेतली आणि टेकाडाच्या पायथ्याला तिला तुऱ्हाट्यांची झोपडी बांधून दिली. बांधून दिली हे उपकार म्हणून सांगायचे. मागच्या जन्माचं पाप आहे म्हणायचे. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसेना, म्हणून बापानं मला शाळेतून काढलं. रोज भाकर घेऊन जायचं काम माझं. झोपडीच्या अलीकडं एक चपटा दगड होता, त्यावर भाकर ठेवायची आणि मागं सरायचं. मग माय यायची. भाकर तोडायला तिला दोन्ही मनगटं लावावी लागायची.

मला पिंपळगाव राजाला दिलं. सासरच्यांना सांगितलं होतं, पोरीची माय मेलेली आहे. मीही मान हलवली. लग्न आमच्याच गावात लागलं. मांडवातला बाजा टेकाडापर्यंत ऐकू जातो, हे मला माहीत होतं. पुढं दोन वर्षांनी माय खरंच गेली. मला निरोप आला तेव्हा मला रडताही आलं नाही, कारण सासरी ती आधीच मेलेली होती.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं याच्यावर उभं आहे.

नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले. माझा धाकटा भाऊ किसना, त्याच्या घराशेजारी दोन खोल्या घातल्या, वांगी-मिरची लावून पोट भरायला लागले. तेव्हा विद्यापीठाचे सर आले आणि टेकाड खोदायला मजूर मागितले. बायाच पाहिजेत म्हणाले. पुरुष कुदळ घातल्यासारखं खोदतात, बाया निंदल्यासारखं खोदतात, हे त्यांनी पुष्कळ ठिकाणी पाहिलं होतं.

ते काम कसं असतं ते सांगते. दोऱ्या लावून चौकोन आखायचा. एक बोट माती काढायची, थांबायचं, पाहायचं. काढलेली माती चाळायची. खापर निघालं तर पिशवीत, पिशवीवर नंबर. सापळा लागला की लोखंड बंद. मग बांबूची टोकदार कामटी आणि रंगाचा ब्रश. एका सापळ्याला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस त्याच्याशेजारी पालथं पडून राहावं लागतं. आठ दिवसांत तो माणूस ओळखीचा होतो.

हाड की दगड हे बारीक तुकड्यात डोळ्याला कळत नाही. जीभ लावायची. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. हे सरांनीच शिकवलं होतं, पण माझी जीभ सरांपेक्षा तेज निघाली. शिकलेली मुलं तुकडा हातात घेऊन यायची, "कलाबाई, बघा ना." मी जीभ लावायची आणि सांगायची. माझं एकदाही चुकलं नाही. हे मी अभिमानानं सांगत होते, पुढं एका बाईनं मला त्याची लाज वाटायला लावली. ते येईल.

शेवंता माझ्या चौकोनात असायची. हळदीच्या शेतातली बाई. हळद काढताना, रताळी काढताना आमच्या बाया जमीन पुरती रिकामी करत नाहीत. एखादा गड्डा तसाच ठेवतात, त्याला बियाले, म्हणजे बियाण्यासाठी, ठेवणं म्हणतात. जमिनीतून सगळं काढून नेलं तर ती पुन्हा देत नाही, अशी समजूत. पहिला सापळा पेटीत भरून पुण्याकडं निघाला तेव्हा शेवंता अस्वस्थ झाली. तिनं त्या सापळ्याचा एक सुटा दात पदरात धरला, संक्रांतीच्या बोळक्यात घातला आणि टेकाडाच्या कडेला पुरला. मी विचारलं, हे काय वं? ती म्हणाली, "अख्खा माणूस नेऊन राह्यले. एक तरी बियाले नोको का?"

मी या गोष्टी मानत नाही. पण मी तिला अडवलं नाही, आणि सरांना सांगितलं नाही. ही चोरीच होती. पुढं प्रत्येक सापळ्याचा एक दात शेवंता बोळक्यात घालायची आणि आम्ही बाया बघायचं नाही असं बघायचो.

पाचव्या हिवाळ्यात माझ्या चौकोनात एक बाई निघाली. उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. घरांच्या मधोमध पुरलेली, बाजूला तोटीचं भांडं, मनगटात शंखाची बांगडी. सर खूश होते. मी हातापाशी आले. बोटांची हाडं टोकाला निमुळती होत गेलेली होती, चोखून चोखून बारीक झालेल्या बर्फाच्या कांडीसारखी. सर म्हणाले, मातीच्या भारानं मोडली असतील. मी ब्रश फिरवत राहिले. मोडलेलं हाड कसं दिसतं ते मला तोपर्यंत चांगलं माहीत होतं. आणि ही बोटं मी याआधी कुठं पाहिली होती, तेही माहीत होतं.

त्या दिवशी मी शेवंताला म्हटलं, "हिचं मी ठेवते."

डावीकडची खालची दाढ हलत होती. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी ती काढली. हाताला पॉलिथिनची पिशवी गुंडाळून काढली. कशासाठी गुंडाळली, ते आत्ता लिहिताना कबूल करते. मला भीती वाटली. रोग झाल्यावर स्वतःच्या मायला मी कधी शिवले नाही, आणि हजारो वर्षांच्या मेलेल्या बाईलाही शिवले नाही. दाढेला लागलेल्या मातीसकट ती नव्या बोळक्यात घातली, वर त्याच खड्ड्यातली माती दाबली आणि पुरायला गेले तर पाय आपोआप मायच्या झोपडीच्या जागी गेले. तो चपटा दगड अजून होता. त्याच्या खाली हातभर खोल खणून बोळकं ठेवलं.

सरांनी संध्याकाळी विचारलं, "कलाबाई, सकाळी इथं दाढ होती. कुठं गेली?"

मी म्हटलं, "उंदरानं नेली असन."

सर चिडले, पण माझ्यावर नाही. सगळ्यांना सांगायचे, कलाबाईच्या हातून एक खापर इकडचं तिकडं होत नाही. त्यांनी वहीत लिहिलं आणि सापळा धुऊन, दातांना ब्रशनं घासून, हाडं टिकावीत म्हणून वरून डिंकासारखा लेप देऊन पेटीत भरला. तेव्हा तशीच पद्धत होती. घासायचं काम मीच केलं. चकाचक केलं.

पुढं खोदकाम संपलं. मी परत वांग्यांमध्ये. शेवंता साप चावून गेली. बरीच वर्षं गेली.

मागच्या वर्षी एक मॅडम आल्या. तिशीच्या, सडपातळ, सरांच्या विद्यार्थिनीची विद्यार्थिनी. मला मावशी म्हणाल्या आणि माझ्या ओट्यावर बसल्या. त्यांचं काम जुन्या रोगांच्या जंतूंचं. मला कळेपर्यंत त्यांनी सांगितलं, मला जसं कळलं तसं मी तुम्हाला सांगते.

प्रत्येक जिवाच्या आत त्याची एक लांबलचक ओळ लिहिलेली असते. चारच अक्षरं, पण कोणतं कुठं आलं यावर ठरतं की तो माणूस आहे, वांगं आहे की जंतू. दाताच्या आत पोकळी असते आणि तिच्यात जिवंतपणी रक्त येतं. रोगाचा जंतू रक्तात असेल तर माणूस मेल्यावर तो त्या पोकळीत कोंडला जातो. जंतू मरून जातो. त्याची अक्षरं मात्र तुकड्या-तुकड्यांनी मागं राहतात. असे तुकडे जोडले की जंतूची वंशावळ लिहिता येते, आमच्याकडं भाट येऊन घराण्याची वाचून दाखवतो तशी. कुठून आला, कुणापासून निघाला, आजच्या जंतूचा हा पणजोबा की चुलता.

महारोगाचा जंतू म्हणे सगळ्यात आळशी. स्वतः जगायला लागणारं निम्मं सामान त्यानं टाकून दिलंय, सगळं माणसाच्या जिवावर. म्हणून तो कुणाला अजून बाटलीत वाढवता आलेला नाही. शिकायचं असेल तर माणसातूनच शिकावं लागतं, जिवंत नाहीतर मेलेल्या.

पेटीतल्या त्या बाईचे फोटो पाहून मॅडमला बोटांवरून आणि नाकाच्या हाडावरून शंका आली होती. त्यांनी तिचे दोन दात तपासले. काही मिळालं नाही. घासलेले, लेप दिलेले, आणि इतकी वर्षं पत्र्याच्या गोदामात. "आपल्याकडचं ऊन या अक्षरांना सोसत नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "थंड मुलखात टिकतात. इथं फार थोड्यांना मिळाली आहेत." मग मला विचारलं, तुम्ही हाडं कशी ओळखायचा? मी जिभेचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे अर्ध्या पेटीवर तुमची थुंकी आहे."

"सरांचीही हाये," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, पण त्या हरल्यासारख्या दिसत होत्या. टेकाडात अजून काही न खोदलेलं आहे का, परवानगी मिळेल का, असं बोलत होत्या. सरांच्या वहीची पानं फोनमध्ये होती, ती चाळत एक ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. "डावीकडील खालची दाढ गहाळ. बहुधा उंदराने नेली."

मी वांगी निवडत होते. माझ्यापुढं दोन रस्ते होते. गप्प बसले तर कलाबाईच्या हातून खापर हलत नाही, हे नाव तसंच राहत होतं. सर जिवंत होते, त्यांच्या कानावर गेलंच असतं. बोलले तर उतारवयात चोर ठरत होते. पण त्या बाईला काय झालं होतं हे मला कळायला पाहिजे होतं. बोटं पाहिल्यापासून पाहिजे होतं. पाप म्हणाले होते गावातले. मायच्या मागच्या जन्माचं पाप, तर मग हिचं कुणाचं?

मी म्हटलं, "मॅडम, तो उंदीर मीच."

दुसऱ्या दिवशी त्या पांढरा झगा, तोंडाला फडकं, हातमोज्यांवर हातमोजे घालून दगडाशी बसल्या. मला दहा पावलं लांब उभं केलं. त्याच दगडापासून मी परत एकदा मागं सरून उभी. बोळकं अख्खं निघालं. शेवंतानं ठेवलेली बाकीची बोळकी आम्ही शोधली, ती पावसाच्या ओहोळानं कधीच फोडून नेली होती. म्हणून आमची रीत शहाणी होती, असं कुणी म्हणू नये. सात नेली, एक वाचली, तीही सावलीत खोल होती म्हणून.

मॅडमनी आधी दाढेचा साचा घेतला आणि पेटीतल्या जबड्याशी जुळवला. रिकाम्या खोबणीत बरोबर बसला. मग माझ्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं थुंकी घेतली. दाढेवर माझं काही लागलं असेल तर ते ओळखून वजा करायला.

मी विचारलं, "त्या काडीवर माह्या मायचंही असन काही?"

"अर्धं," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी ती काडी नळीत घालून बंद केली. मी नळीकडं पाहत राहिले. मग मिरचीला पाणी सोडायचं होतं म्हणून गेले.

सरांना मीच फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी त्या उंदरावर राग धरून होतो." मी म्हटलं, आता माझ्यावर धरा. ते म्हणाले, "धरला आहे. पण दाढ मी घासली असती, हेही खरं." माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मला ते बरं वाटलं.

चार-पाच महिने गेले. मॅडमचा फोन आला की दोन निरनिराळ्या ठिकाणी तपासलं आणि दोन्हीकडं जंतू मिळाला. पुरती ओळ नाही. फाटक्या पोथीची थोडी पानं. पण महारोगाचाच, यात शंका नाही. आणि बाई दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. गावाला सांगायला येते, म्हणाल्या.

ग्रामपंचायतीनं दवंडीऐवजी आता मोबाईलवर कळवायची पद्धत केली आहे, त्यामुळे आदल्या संध्याकाळी सगळ्यांना ठाऊक झालं. किसना माझ्याकडं आला. माझा भाऊ वाईट नाही. मायला झोपडीत ठेवलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्यानं सगळ्या जन्मात, माय तापानं गेली, असंच सांगितलं, स्वतःच्या बायकोलाही.

तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "बाई, उद्या मायचं काही काढू नको. पूजाची बोलणी चालू हायेत."

पूजा त्याची नात. मलकापूरकडचे पाहुणे येऊन पाहून गेले होते.

मी म्हटलं, "मी काऊन काढू? मले कोण विचारते?"

"तुह्या तोंडाचा भरवसा नाही म्हणून सांगून राह्यलो."

मी त्याला शब्द दिला. दिला तेव्हा पाळायचाच होता.

सभागृहात भिंतीवर मॅडमनी त्या बाईचे फोटो दाखवले. चांगलं समजावलं. हा जंतू पुष्कळ जुना आहे आणि इतक्या वर्षांत फार थोडा बदलला आहे. तो रक्तातून वारशानं येत नाही. औषध न घेतलेल्या माणसाच्या जवळ फार दिवस राहिलं तर श्वासातून लागतो, तोही शंभरातल्या थोड्यांनाच. आज त्याला पक्कं औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ही बाई रोग होऊन पुष्कळ वर्षं जगली, दात झिजेपर्यंत. वस्तीच्या मध्ये पुरली गेली. का, ते हाडं सांगत नाहीत, असंही त्या म्हणाल्या. मला हे आवडलं. माहीत नाही तिथं माहीत नाही म्हणणारी माणसं कमी.

मागून एक जण म्हणाला, "म्हंजे दोन हजार वर्सापासून या गावात पापं होऊन राह्यली." दोघं-चौघं हसले. बोलणारा वाईट हेतूनं बोलला नसेल. गंमत केली त्यानं. पण ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. झोपडी बांधून दिली त्या दिवशी असंच हसले होते.

मी उठले. किसना दोन रांगा पुढं बसला होता, त्यानं मागं वळून पाहिलं आणि मान हलवली. नको म्हणून.

मी म्हटलं, "माह्या मायले महारोग होता. टेकाडाखाली झोपडीत मेली. मी तिले दगडावर भाकर ठेवत होती. या मॅडमच्या बाईले बोटं नोहोती, तरी ती म्हातारी होऊन मेली. म्हंजे कोणीतरी तिले भाकर देत होतं. दगडावर ठेवून देत होतं का हातात, ते हाडावरून कळत नाही. पण मधात पुरलं तिले. आमी मधात नाही पुरलं. पाप असन तर ते आमचं हाये."

आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. किसना उठून निघून गेला.

पूजाला पाहून गेलेले पाहुणे होकार सांगायला परत आले नाहीत. महिनाभर किसना माझ्या दारावरून मान खाली घालून जायचा. मी शब्द मोडला होता, त्याचा राग बरोबर होता.

पण सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याची सून, पूजाची आई सुनंदा, माझ्या मागच्या दारानं आली होती. बसली नाही. चोळीची बाही वर केली. उजव्या कोपराजवळ रुपयाएवढा फिकट चट्टा. करंगळीकडचा हात बधिर. तव्यावर भाकर उलटताना बोटं भाजायची आणि फोड आला की कळायचं. दोन वर्षांपासून.

मी विचारलं, कुणाला सांगितलं? ती म्हणाली, कुणाले सांगू? पूजाचं लगन होऊन जाऊ द्या, मंग माहेरी जाऊन राहीन म्हटलं. माहेरी आईच्या शेतात एक कोठा रिकामाच हाये.

म्हणजे तिनं आपली झोपडी आधीच शोधून ठेवली होती.

मी तिला बसवलं, चहा दिला आणि दहाच्या एसटीनं सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक हातावर फिरवलं, कुठं कळतं, कुठं नाही. सहा महिन्यांचं औषध. पहिली गोळी समोर घ्यायला लावली आणि सांगितलं, लघवी लाल होईल, घाबरू नका. तरी ती घाबरली. दुसऱ्या दिवशी धावत आली, आत्याबाई, रक्त. मी म्हटलं, रक्त नाही, औषध आहे, घरी जा. हाताची नस परत जागी होईल का, यावर डॉक्टर म्हणाले, लवकर आल्या असत्या तर सांगितलं असतं, आता पाहू.

घरात सगळ्यांना तपासायला नर्स आली, त्यामुळे किसनाला कळलं. मला वाटलं, आता तो काय करतो ते पाहू. त्यानं काही केलं नाही. दोन दिवस शेतातच जेवला, डबा कोण करतं ते न विचारता. तिसऱ्या दिवशी घरी आला, पाटावर बसला. सुनंदा भाकर ताटात वाढायला वाकली, तर त्यानं हात पुढं केला. तिनं ती त्याच्या हातात दिली. हे मला पूजानं सांगितलं. त्याला मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पूजाला दुसरं स्थळ आलंय. या वेळी आधी सगळं सांगून बोलणी चालू आहेत. मुलगा दवाखान्यातच कामाला आहे, त्यामुळे त्यांना समजवायला वेळ लागला नाही.

दाढेचं काम अजून चाललंय. मॅडम म्हणतात, अजून थोडी पानं वाचता येतील. मोठ्या मासिकात छापून येईल, त्यात माझं नाव घालू का, विचारत होत्या. मी म्हटलं, घाला, पण उंदीरही घाला, सरांचं लिहिलेलं खोटं पडायला नको. चपटा दगड मी बैलगाडीत घालून घरी आणला. त्यावर आता मी मिरच्या वाळवते.

गोळ्या संपल्या त्याच्या पुढच्या महिन्यात, सकाळी मी किसनाच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होते. आत सुनंदा चुलीपाशी. एकदम ती करंगळी धरून बाहेर आली. तोंड रडकं की हसरं ते मला कळेना.

"आत्याबाई," ती म्हणाली, "चटका लागला."

मी म्हटलं, "मंग बोट पाण्यात घाल ना. भाकर करपून राह्यली."